जोडापुरता पत्रा

१२ जून

आज सकाळी सगळ्यांच्या आधी वर्कशॉपला पोहोचलो, शटर वर केलं आणि प्रश्नपत्रिकेत मागितला होता तस्सा डबा कापला.

प्रवेश परीक्षेतला सातवा प्रश्न होता. एक लिटर पाणी मावेल असा, वरून उघडा, गोल डबा कमीत कमी पत्र्यात करायचा, तर त्रिज्या किती आणि उंची किती? काल परीक्षा कार्यालयाने भिंतीवर उत्तरं लावली. त्यांच्या मते दोन्ही सारखी, सहा पूर्णांक त्र्याऐंशी शतांश सेंटिमीटर. तेवढीच पट्टी कापली, तेवढाच तळ. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पट्टी गोल वळवली. दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या आणि ओळख नसलेल्या माणसांसारख्या नुसत्या उभ्या राहिल्या. दुमडायला कड नाही, ठोकायला घडी नाही. तळ खाली सरकवला तर तोही नुसता ठेवलेला. सगळं दोन्ही हातांनी आवळून धरलं. तेवढ्यात आमचा वेल्डर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात.

"ओत पाणी," मी म्हणालो.

त्याने ओतलं. लिटरभर पाणी माझ्या बुटांत गेलं.

"काय सिद्ध झालं?"

"मी बरोबर होतो."

"बूट काढ आधी. मला दिलं असतंस तर कडेला कड लावून जोडून दिला असता."

"एवढ्या पातळ पत्र्याला तू नुसतं भोक पाडलं असतंस."

ते खरं आहे, आणि त्यालाही ठाऊक आहे.

परीक्षेत मी जोडासाठी, म्हणजे कडा दुमडून ठोकायला, सहा मिलिमीटर जास्तीचे धरले होते. ते धरल्याबरोबर त्रिज्येचा चौथा घात आला, समीकरण सुटता सुटेना, चाळीस मिनिटं त्यातच गेली. त्या प्रश्नाला आठ गुण होते. मला शून्य. एकूण चोपन्न. कॉलेजच्या संध्याकाळच्या पदवी वर्गाला साठ लागतात.

तीस वर्षं पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला पत्र्याच्या डब्यात शून्य. हे मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा आठवायला नको.

१३ जून

मला राग आलेला नाही. दुपारच्या सुटीत उरलेल्या तुकड्यांचे दोन डबे केले, जोड धरून. एक थेंब गळत नाही. घरी नेले. हिने एकात बटणं ठेवली, एकात रिळं. ही कपडे शिवते, तिला असल्या वस्तू लागतातच.

१७ जून

परीक्षा पुन्हा देता येते, ऑगस्टमध्ये. पण पुन्हा बसलं की जुने गुण रद्द. चोपन्न गुणांवर मला सुपरवायझरच्या एक वर्षाच्या वर्गात जागा मिळाली आहे, तिचं पत्रही आलं आहे. पुन्हा बसायचं तर ते पत्र चौदा जुलैपर्यंत परत करायचं. म्हणजे हातातलं सोडायचं. आणि पदवीच्या वर्गाला वयाची अट पन्नास. पुढच्या मार्चमध्ये मी पन्नास पूर्ण करतो. यंदा नाही तर कधीच नाही.

लेक त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मला डेरिव्हेटिव्ह शिकवलं ते तिने. गावच्या शाळेत आमचं गणित व्याजापाशी आणि क्षेत्रफळापाशी संपत होतं. पुढचं गुरुजींनाच येत नव्हतं, आणि तसं ते मोकळेपणाने सांगायचे. आज जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ते मार्क हट्टापायी घालवलेत."

"हट्ट कसला? जोड धरला."

"कोणी सांगितलं होतं धरायला?"

"न सांगता धरतो त्यालाच मिस्त्री म्हणतात."

"मग मिस्त्रीच राहा!" असं म्हणून ती ताट घेऊन उठली. ही दोघांकडेही न बघता वाढत होती.

लेक उठून गेली तेव्हा पुनर्परीक्षेचा कोरा फॉर्म टेबलावरच विसरली. हल्ली तिचं लक्ष नसतं. मी तो तिच्या पुस्तकांवर नेऊन ठेवला.

२० जून

अर्धी रजा टाकून परीक्षा कार्यालयात गेलो. उत्तरपत्रिका बघायला मिळते. पिशवीत एक डबा घेतला होता, जोड धरलेला.

तपासनीस बाई माझ्याच वयाच्या असतील, चष्मा डोक्यावर सरकवलेला. माझा क्रमांक सांगितला तर उत्तरपत्रिका उघडायच्या आधीच म्हणाल्या, "अच्छा! ते तुम्ही होय!" माझी कीर्ती इथवर पोहोचली तर.

मी डबा टेबलावर ठेवला. म्हणालो, "बाई, हा तुमच्या उत्तराप्रमाणे होत नाही. मी करून पाहिला."

त्यांनी तो उचलला, आत बोट फिरवलं, जोडावरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "जोड लागतो हे मान्य. पण प्रश्नातल्या पत्र्याला जाडीच नाही."

"जाडी नाही तो पत्रा कसला?"

"मनातला."

"मग त्यात पाणी कुठलं भरायचं?"

"तेही मनातलंच," असं म्हणून त्या हसल्या. मी हसलो नाही. माझे बूट खरोखर भिजले होते.

मग त्यांनी माझं चौथ्या घाताचं समीकरण उघडून दाखवलं. म्हणाल्या की मांडणी बिनचूक आहे, त्यांनी स्वतः दोन दिवस बसून ते सोडवलं, उत्तर कुठे येतं ते पाहिलं. पण जे विचारलंच नाही त्याला गुण देता येत नाहीत. बरोबर आहे म्हणायचं आणि गुण द्यायचे नाहीत, ही मोठ्या माणसांची पद्धत मला कधी समजली नाही. निघताना त्यांनी विचारलं, "पुन्हा बसणार ना?" मी पिशवी उचलली. तर दारापर्यंत आल्या आणि परत तेच, "बसा हो पुन्हा." एकदा विचारलं तर चौकशी म्हणता येते. दोनदा म्हटल्यावर तो टोमणाच झाला.

डबा मात्र ठेवून घेतला. "हा इथे राहू दे का?" म्हणाल्या. पुरावा म्हणून ठेवायचा नियम असावा.

२१ जून

पहाटे नेहमीप्रमाणे देवासमोर बसलो. गुण मागत नाही मी. देवाला गुण मागणं म्हणजे त्याला कारकून समजणं. हात स्थिर ठेव, एवढंच मागतो.

डोळे मिटले तरी मन डब्यातच. हात जोडलेले होते आणि डोळे उघडले तेव्हा समोर माझंच कोपर दिसलं. कोपरावरची कातडी बघावी. हात सरळ केला की सुरकुत्या पडतात, दुमडला की त्या सुरकुत्या पुरतात. गुडघ्यावर तसंच, बोटांच्या पेरांवर तसंच. जिथे जिथे जोड, तिथे तिथे थोडी कातडी जास्त सोडलेली. कमीत कमी कातडीत माणूस बसवा असं त्यालाही कोणी सांगितलं असेल. त्याने ऐकलं नाही.

मन शांत झालं. नंतर वर्कशॉपला जाऊन आणखी तीन डबे केले.

२६ जून

मालकांनी बोलावलं. सुपरवायझरच्या वर्गाचं त्यांनी सगळीकडे सांगून टाकलं आहे. काचेच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची आणली, चाकांची.

"बसून तर बघा, मिस्त्री."

बसलो. खुर्ची मागे सरकली आणि मी फायलींच्या कपाटावर जाऊन आदळलो.

"सवय होईल," मालक म्हणाले. माणूस चांगला आहे. म्हणाले, "पदवी घेऊन या वयात काय करणार? चार वर्षं रोज संध्याकाळी वर्ग. एक वर्षाचा कोर्स करा, इथे बसा, पोरांवर लक्ष ठेवा."

मी काय करणार ते त्यांना सांगितलं नाही. इथे लिहितो. तीस वर्षं मी दुसऱ्यांची ड्रॉइंगं पत्र्यात उतरवली. कितीदा तरी कागद घेऊन वर गेलो आणि सांगितलं की साहेब, इथे पाना फिरायला जागा नाही, हा कोपरा दुमडणार कसा? आणि ऐकून आलो की कागदावर आहे तसं कर. मला एकदा तरी असं ड्रॉइंग काढायचं आहे की जे हातात घेऊन कारागिराला जिना चढून वर यावं लागणार नाही. खाली सही माझी. ती सही करायला पदवी लागते, खुर्ची नाही.

बाहेर ठिणगी वाट बघत होता. "काय रे, साहेब झालास?"

"अजून नाही."

"परत परीक्षा दे. नातवंडांच्या बाकावर बस. कॉपी करायला तरी मिळेल."

सगळे हसले. मीही हसलो, पण ठिणगीला सांगून टाकलं, "बसायचं की नाही ते मी ठरवीन. आणि बसलो तर तुम्ही हसलात म्हणून बसणार नाही, आणि नाही बसलो तर तुम्ही हसाल म्हणून थांबणार नाही."

"लय मोठं वाक्य झालं," ठिणगी म्हणाला. "दुपारी परत म्हणून दाखव."

२ जुलै

पुनर्परीक्षा देण्याचा विचार मी सोडून दिला आहे. त्यांच्या मनातल्या पत्र्यासाठी मी का वाकायचं? शून्य त्यांनी दिलं, चूक त्यांची, आणि परत जायचं मी?

लेकीच्या जुन्या वहीतली उदाहरणं फक्त हात चालता राहावा म्हणून सोडवतो. आज अकरा सोडवली. कुंपण, खिडकी, शंकू, टाकी. लेक शेजारी बसून घड्याळ लावते. "चार मिनिटं. बाबा, जोड नाही! नुसतं जे विचारलंय ते!" जोड आला की पेन्सिलीने माझ्या बोटावर मारते. लहान असताना पाढे चुकले की मी तिच्या बोटावर असंच मारायचो. हे तिच्या लक्षात नसावं.

कोरा फॉर्म ती आज पुन्हा टेबलावर विसरली. पेनासकट.

घरी डबे बारा झाले आहेत. मी पंधरावा करायला घेणार असल्याचं बोललो तेव्हा हिने सुई थांबवली.

"अहो, परीक्षा द्या नाहीतर देऊ नका. पण आता घरात डबा ठेवायला जागा नाही."

"तेरावा," मी म्हणालो. "पंधरावा नाही, तेरावा."

"तुमचं मोजणं चुकायला लागलंय, बघा," ही म्हणाली.

सकाळचा रेडिओ बंद आहे गेले दोन आठवडे. बिघडला असावा. हिने शिवणयंत्रही खिडकीपासून उचलून आतल्या खोलीत नेलं. तिथे उजेड कमी, पण तिला तिथे वारा बरा लागतो म्हणे. खिडकीची जागा रिकामी होती, तिथे मी वही घेऊन बसतो.

९ जुलै

आज माझ्या हातून जे झालं ते तीस वर्षांत झालं नव्हतं.

एका मोठ्या स्वयंपाकघराच्या धुराड्यासाठी चौकोनी नळ्या करायच्या होत्या. बारा नग. मी आखणी केली, कापायला सुरुवात केली. पाचवा पत्रा कापून झाल्यावर पहिला दुमडायला घेतला आणि हात थांबला. दुमडायला कडच नव्हती. पाचही पत्रे मी जोड न धरता कापले होते. जे विचारलंय तेवढंच.

ठिणगी बघत होता. चेष्टा करायला तोंड उघडलं त्याने, माझा चेहरा पाहिला आणि मिटलं. मग न सांगता पाच पत्रे उचलून मागे नेले. म्हणाला, "यातून लहान नग निघतील. मालकांना मी सांगतो, माप मी चुकीचं वाचलं म्हणून."

"चूक माझी आहे. मी सांगीन."

मी सांगितलं. मालक रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "होतं असं, वय झालं की."

घरी येऊन लेकीची वही मिटून टाकली. म्हणालो, "हे गणित माझा हात खातंय. मला हात हवा आहे. सुपरवायझरच्या वर्गाला जातो, खुर्चीत बसतो, संपलं." लेक रडवेली झाली. मी पोटात काही न घालता बाकावर बसून राहिलो.

हिच्या मांडीवर कुणाचा तरी सदरा होता. कापडावर खडूने आखत होती. वर न बघता म्हणाली, "इकडे बघा जरा."

बघितलं.

"ही कोणती रेघ?"

"मला काय माहीत?"

"ही अंगाची. माणूस एवढाच आहे. आणि ही बाहेरची, शिवणीची. कापते मी बाहेरच्या रेघेवर. पण आधी आतली मारते. आतली मारली म्हणून बाहेरची विसरते का मी? आणि बाहेरची मारायची आहे म्हणून आतली मारायची सोडते?"

"मग?"

"मग काय? त्यांनी अंग विचारलं होतं. तुम्ही शिवण सांगितलीत. आज तिथे शिवण हवी होती, तर अंग कापून आलात. तुम्हाला दोन्ही येतं, अहो. एका वेळी एकच रेघ मारता, एवढंच."

मी म्हणालो, कापडाचं वेगळं आणि पत्र्याचं वेगळं. तिला गणितातलं काय माहीत?

१० जुलै

कापडाचं आणि पत्र्याचं वेगळं नाही.

सकाळी लवकर जाऊन बाराही नळ्यांचे पत्रे नव्याने आखले. आधी आतली रेघ, बारीक, मापाची. मग बाहेरची, तुटक. पूर्वी आतली रेघ मी मनातच मारायचो. थेट बाहेरची आखायचो, त्याला मी कसब समजत होतो. म्हणजे मनातला पत्रा माझ्याकडेही होताच की, तीस वर्षं! फक्त तो मी कुणाला दाखवत नव्हतो.

याचा अर्थ परीक्षेचं बरोबर होतं असा नाही. प्रश्नात पत्रा म्हटलं होतं. पत्रा म्हणायचं आणि पत्रा नाही म्हणायचं, हे मला आजही पटत नाही. तपासनीस बाईंना मी हे तोंडावर सांगीन. पण बाहेरून, फाटकाशी उभं राहून सांगणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. आत जाऊन सांगावं लागतं.

बाराही नळ्या संध्याकाळपर्यंत झाल्या. मालकांनी एक उचलून उजेडाकडे धरली. एकाही जोडातून उजेड आला नाही.

१४ जुलै

आज शेवटचा दिवस.

पहाटे देवाला सांगितलं की मी हातातलं सोडणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत एवढं चालतं.

लेक फॉर्म पुन्हा टेबलावर विसरली होती. या वेळी त्यावर माझं नाव, जन्मतारीख, सगळं भरलेलं, फक्त सहीची जागा मोकळी. आता मात्र मला वाटू लागलं आहे की ती विसरत नव्हती.

कार्यालयातल्या कारकुनाने सुपरवायझरच्या जागेचं पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "काका, नक्की? हे एकदा घेतलं की परत मिळत नाही. पुनर्परीक्षेत चोपन्नाच्या खाली आलात तर हेही नाही आणि तेही नाही."

"माहीत आहे."

"घरी विचारलंत?"

"घरी डबा ठेवायला जागा नाही," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही. त्याने शिक्का मारला.

मालकांना दुपारी सांगितलं. त्यांनी त्या चाकांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग ही कुणाला देऊ?" ठिणगी दारातून म्हणाला, "मला द्या, मला मागे सरकायची सवय आहे." मालक हसले नाहीत. माझ्याशी ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. बोलतील. आणि नाही बोलले तरी आता शिक्का बसला आहे.

४ ऑगस्ट

तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. रोज वर्कशॉप, मग खिडकीशी वही. आज परीक्षा झाली.

निघताना हिने पेन्सिली, पट्टी आणि प्रवेशपत्र एका डब्यात घालून दिलं. बारातला हा एक तिने इतके दिवस रिकामाच ठेवला होता. लेक कॉलेजच्या फाटकापर्यंत आली. तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या. मला वाटलं ती आता मागे राहील. तर मोठ्याने म्हणाली, "हे माझे बाबा. चौथ्या घातवाले." पोरी माझ्याकडे टकामका बघायला लागल्या. यांनाही ठाऊक होतं म्हणजे.

वर्गाकडे जाताना तपासनीस बाईंची खोली लागली. दार उघडं होतं. टेबलावर माझा डबा. त्यात पाणी भरून कसल्याशा वेलीची फांदी लावलेली, खाली कागदांचा गठ्ठा, आणि तो गठ्ठा कोरडा ठणठणीत. पुराव्याची अशी निगा ठेवतात हे मला माहीत नव्हतं.

या वेळी सहावा प्रश्न पत्र्याचा होता. साठ सेंटिमीटरचा चौरस पत्रा, चारी कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून कडा वर दुमडायच्या आणि उघडी पेटी करायची. जास्तीत जास्त मावावं, तर किती कापावं? माझे कान गरम झाले. कोपरा पूर्ण कापला तर पेटी कोपऱ्यात गळणार, हे पत्र्याच्या कामातल्या पहिल्या महिन्यात कळतं. बोटं आपोआप जोडाकडे निघाली. लेकीची पेन्सिल बोटावर बसल्यासारखी झाली. थांबलो. आधी आतली रेघ.

सात ओळींत उत्तर आलं. दहा सेंटिमीटर. खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाला गेलो. सगळे प्रश्न झाले, दोनदा तपासले, तरी वीस मिनिटं उरली. हात स्थिर होता. मागितला होता तसा.

मग सहाव्या प्रश्नाकडे परत आलो. आकृती काढली. कोपऱ्यातला चौरस पूर्ण न कापता एका बाजूला बोटभर जीभ ठेवायची, ती आत दुमडून ठोकायची. तुटक रेघेने दाखवलं आणि खाली लिहिलं: ही पेटी खरोखर करायची असल्यास पत्रा असा कापावा. याला गुण नकोत.

घंटा झाली. पहाऱ्यावरचा तरुण मास्तर माझ्या बाकाशी आला. मी शेवटची तुटक रेघ पुरी करत होतो.

"काका, वेळ संपली. उत्तर राहिलंय का?"

"उत्तर मघाशीच झालं," मी म्हणालो. "हे जोडापुरतं."

आणि रेघ पुरी करूनच कागद दिला.